फवारणीचा पंप आणि शेजारची तुती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कृषी पानावर गेल्या आठवड्यात कापसावरच्या पांढऱ्या माशीबद्दल सल्ला आला होता. कोणतं औषध घ्यायचं, दहा लिटर पाण्यात किती टाकायचं, वारा पाठीमागून घ्यायचा, तोंडाला फडकं बांधायचं, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. माणसाची काळजी घेतली होती, एका ओळीत मधमाशीचीही घेतली होती. तुतीचं, म्हणजे जिच्या पाल्यावर रेशमाची अळी जगते तिचं, नाव मात्र कुठेच नव्हतं. आमच्या बीड जिल्ह्यात आता गावोगाव तुती उभी आहे आणि बहुतेक ठिकाणी तिच्या बांधाला लागून कापूस आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आम्ही गेवराई तालुक्यातले. दीड एकर तुती आहे, व्ही-1 जातीची, आणि रानातच रेशमाच्या अळ्यांच्या संगोपनाचं शेड आहे. त्या रानात आधी कापूसच होता, त्यामुळे कापूसवाल्याची अडचण मला कुणी समजावून सांगायला नको. बोंडअळीने एका वर्षी झाडावर फक्त काड्या ठेवल्या होत्या, तेव्हाच आमच्या घरात तुतीचा विषय निघाला. सासूबाई म्हणाल्या, एका अळीने खाल्लं म्हणून आता दुसरी अळी पाळायची का? त्याच सासूबाई आज पहाटे सगळ्यांच्या आधी शेडात असतात. सुरुवातीला रेशमाचे कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. रात्रभराचा प्रवास, भाषा कळत नाही, पैसे कमरेला बांधून परत यायचं. 2018 मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली तेव्हापासून सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला असतो. मराठवाड्यात तुती पसरली ती अनुदानाने कमी आणि या बाजारपेठेने जास्त, असं माझं मत आहे.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही अंडी घरी उबवत नाही. चॉकी सेंटरवाले अंडी आणून उबवतात, कोवळा पाला बारीक कापून पिल्लांना भरवतात आणि दुसरी कात टाकून झाली की अळ्या आमच्या स्वाधीन करतात. एका मादीने घातलेली सगळी अंडी म्हणजे एक अंडीपुंज, आणि शंभर अंडीपुंज म्हणजे चाळीस ते पन्नास हजार अळ्या. पुढची तिसरी, चौथी आणि पाचवी अवस्था आमच्या शेडात. दिवसातून दोनदा फांद्या कापून आणायच्या आणि रॅकवर पसरायच्या. कात टाकायच्या वेळी अळी डोकं वर करून दगडासारखी थांबते, तेव्हा पाला बंद. सगळ्यांची कात टाकून झाली की चुना-पावडर मारून पुन्हा पाला सुरू. अंड्यातून निघाल्यापासून कोष करेपर्यंत अळीचं वजन दहा हजार पट वाढतं आणि तिने आयुष्यात खाल्लेल्या पाल्यातला पाचातले चार हिस्से पाला ती एकट्या पाचव्या अवस्थेत खाते. सात-आठ दिवस घरातलं लग्न पुढे ढकलावं लागलं तरी ढकलायचं, एवढंच सांगते.

हे मुद्दाम सांगितलं, कारण विष नेमकं याच दिवसांत लागतं. सगळा पाला खाऊन झालेला असतो, सगळी मजुरी गेलेली असते आणि हातात काहीच आलेलं नसतं.

आमच्यावर ही वेळ पोळ्याच्या आधी आली. दोनशे अंडीपुंजांची बॅच होती. पाचवी अवस्था लागली, अळ्या निरोगी, सारख्या आकाराच्या, कोणी बघायला आलं तर त्याला कौतुकाने दाखवाव्यात अशा. सातव्या दिवशी अळी पिकायला लागते. खाणं सोडते, अंगातून उजेड आरपार दिसावा अशी पिवळसर होते, डोकं वर करून आधार शोधायला लागते. मग तिच्यावर चंद्रिका, म्हणजे कोष विणायला आधार देणाऱ्या जाळ्या, टाकायच्या. आम्ही चंद्रिका धुऊन, वाळवून तयार ठेवल्या होत्या. सातवा दिवस गेला, आठवा गेला. अळ्या खातच होत्या. आम्हाला आधी बरंच वाटलं, अजून खातात म्हणजे कोष वजनदार होणार. दहाव्या दिवशी तुतीतला पाला संपत आला तरी एकही अळी पिकेना. अंग फुगलेलं, कातडी ताणून चकचकीत झालेली, आणि रेशमाचा पत्ता नाही. थोड्याफार अळ्यांनी जाळी विणली, पण कोष पोचट, बोटाने दाबला की आत जाणारे. बाकीच्या रॅकवरच काळ्या पडल्या. शेडाच्या मागे खड्डा करून चुना टाकून पुरल्या. त्या आठवड्यात जालन्याला पाचशेच्या वर भाव होता. सव्वाशे किलो कोष धरून चाललो होतो, तुम्हीच गुणाकार करा.

रोग म्हणावा तर एकाही ओळखीच्या रोगाचं लक्षण नव्हतं. ग्रासरीत अळी दुधाळ होते, फ्लॅचरीत सैल पडून वास मारते, मस्कार्डिनमध्ये खडूसारखी टणक होते. अळीवर अंडी घालणाऱ्या उझी माशीचं टोचणं तर काळ्या ठिपक्यावरून लगेच ओळखू येतं. रेशीम कार्यालयातले साहेब आले, अळ्या बघितल्या आणि एकच प्रश्न विचारला, शेजारी काय फवारलं? माझी मुलगी परभणीला कृषी विद्यापीठात शिकते, ती सुट्टीला आलेली होती. ती सरळ बांधावर गेली आणि तिथे पडलेली रिकामी बाटली घेऊन आली. पायरीप्रॉक्सीफेन. पांढऱ्या माशीवर मारतात ते.

हे औषध माशीला जागेवर मारत नाही, तिच्या पिल्लांना मोठं होऊ देत नाही. किड्याच्या अंगात एक संप्रेरक असतं. ते आहे तोवर अळी अळीच राहते, ते कमी झालं की अळीला कळतं की आता खाणं पुरे, कोष करायचा. हे औषध त्या संप्रेरकाची नक्कल करतं. म्हणजे आमच्या अळ्यांना शेवटपर्यंत कुणीतरी सांगत होतं, तू अजून लहान आहेस, खात राहा. मुलीने हे सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अळ्या मेल्या म्हणून नाही. वाया गेल्या म्हणून.

बांधाच्या पलीकडचं रान माझ्या मालकांच्या चुलत भावाचं. मी त्यांना विचारायला गेले तर ते खरंच गोंधळले. म्हणाले, "वैनी, म्या माझ्या रानात मारलं, तुमच्या रानात नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांच्या कापसावर पानागणिक माशी होती आणि दुकानदाराने जे दिलं ते त्यांनी मारलं. दुकानदाराने विचारलं नाही की शेजारी काय आहे, आणि त्यांनाही सांगावंसं वाटलं नाही. वारा आमच्या बाजूला होता इतकंच. पंचनाम्यासाठी खटपट केली तर उत्तर मिळालं की पीक गेलं असतं तर लिहिता आलं असतं, अळी कुठल्या रकान्यात लिहायची? मला त्या माणसाचा राग आला नाही, रकाना खरंच नव्हता.

आता कुणी म्हणेल, थोडंसं उडालेलं औषध एवढं कसं लागतं? गावातली चिमणी मरत नाही, शेळी मरत नाही. त्याचं उत्तर या किड्याच्या जन्मकथेत आहे आणि ते मला मुलीमुळे कळलं. आम्ही वर्षानुवर्षं अळ्या सांभाळतो, पण आमच्यातल्या बहुतेकांनी रेशमाचा पतंग बघितलेला नसतो. कोष झाला की तो बाजारात जातो, आतला पतंग बाहेर येईपर्यंत तो आमच्याकडे राहतच नाही. मी पहिल्यांदा पतंग पाहिला तो परभणीला. पांढरा, केसाळ, पंख असूनही उडता न येणारा. जागच्या जागी नुसते पंख फडफडवतो. तो काही खात नाही, त्याला खाण्यासाठी कामाचं तोंडच नाही. आठवडाभर जगतो, त्यात नर-मादीची गाठ पडते, मादी चारशे-पाचशे अंडी घालते आणि संपते. याचा रानातला भाऊबंद अजूनही चीन-जपानकडे तुतीवर आढळतो. तो तपकिरी रंगाचा, पाचोळ्यात दिसू न येणारा आणि चांगला उडणारा. चीनमधल्या माणसांनी पाच हजार वर्षं त्यातले गरीब, मोठे कोष करणारे, पळून न जाणारे निवडले, आणि शेवटी असा जीव तयार झाला जो माणसाशिवाय एक पिढीही टिकणार नाही. अळी तर अशी की पाला हातभर लांब ठेवला तरी त्याच्याकडे चालत जायची नाही. जिथे ठेवली तिथे उपाशी बसेल.

गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसर रेशमाची गोष्ट वेगळी. ती अळी हिरवी, ऐन-अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढते. मुंग्या आणि पाखरांपासून राखण करावी लागते, पण ती जंगलातली राहिली आहे. आमच्या अळीचं सगळं जंगल म्हणजे आमचं शेड. तापमान पंचवीस-सव्वीसच्या आसपास हवं, दमट हवं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस. ओली पोती लावून, छतावर पाणी मारून आम्ही कसंबसं जमवतो. शेडाच्या दाराशी चुना, पाय धुवायला जंतुनाशक, बॅच संपली की ब्लिचिंगने पूर्ण धुणं. डासांची अगरबत्ती शेडाच्या आसपास लावायची नाही. तंबाखू मळलेल्या हाताने पाल्याला शिवायचं नाही, कारण तंबाखूतलं निकोटीनसुद्धा यांना सोसत नाही. माझ्या भावाने एकदा विडा तोंडात ठेवून शेडात यायचा प्रयत्न केला तर सासूबाईंनी त्याला पाहुणा असूनही बाहेर काढलं. सांगायचं हे की पथ्य आम्हीही पाळतो, फक्त शेजाऱ्याकडून अपेक्षा करतो असं नाही.

या धंद्यात रोगाची काळजी किती घेतली जाते ते बघा. 1865 मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला आलेस नावाच्या गावी लुई पाश्चर गेले, तिथले रेशीमवाले पेब्रिन रोगाने बुडाले होते. पाच वर्षं त्यांनी त्यावर काम केलं आणि पद्धत घालून दिली: अंडी घालून झाली की त्या मादीला कुटायचं, तो लगदा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, त्यात पेब्रिनचे कण दिसले तर तिची सगळी अंडी जाळून टाकायची. आजही आपल्याकडे येणारी अंडी याच तपासणीतून येतात. म्हणजे अळी जन्मायच्या आधीच तिच्या आईच्या पिढीची रोगासाठी तपासणी झालेली असते. आणि इतकं सगळं करून आलेली बॅच बांधापलीकडच्या एका पंपाने जाते.

पायरीप्रॉक्सीफेन हे एकच नाव मी घेतलं, पण ते एकटं नाही. बोंडअळीवर, सोयाबीनच्या अळीवर आता सर्रास मारतात ते क्लोरँट्रानिलीप्रोल. ते मुळात पतंगाच्या जातीच्या अळ्यांसाठीच बनवलेलं आहे आणि आमची अळी पतंगाच्याच जातीची. बोंडअळी कुठली आणि रेशमाची कुठली हे औषधाला कसं कळणार? हे लागलं की अळीचं तोंड बंद होतं, अंग आखडून निम्मं होतं. दुसरी काही औषधं लागली की अळ्या डोकं हलवत हिरवं पाणी ओकतात. निदान तेव्हा लगेच कळतं तरी. आमच्या वेळेस झालं तसं दहा दिवस पाला खाऊन जाणारं विष मला जास्त वाईट वाटतं.

आणि आता ड्रोन आला. मी ड्रोनच्या विरुद्ध नाही. बायकांच्या हाती ड्रोन दिले ही चांगलीच गोष्ट झाली, आमच्या बाजूच्या गावातली एक ताई चालवते, तिचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण पाठीवरच्या पंपाचा फवारा गुडघ्या-कमरेच्या उंचीवरून पडतो, ड्रोनचा डोक्याच्याही वरून, आणि थेंब बारीक. वारा असला की तो किती लांब जातो हे फवारणाऱ्याला दिसत नाही. त्या ताईला मी विनंती केली की रान बघायला जाशील तेव्हा चारी बाजूंना तुती आहे का तेवढं विचार. ती आता विचारते. हा प्रश्न प्रशिक्षणातच शिकवला तर प्रत्येक ताईला वेगळं सांगायची गरज पडणार नाही.

आमच्या बांधावर आम्ही काय ठरवलं तेही लिहिते, इतरांना उपयोगी पडेल. चॉकीच्या अळ्या कोणत्या तारखेला येणार हे आम्हाला आधीच माहीत असतं, म्हणजे पाचवी अवस्था कधी लागणार तेही बोटावर मोजता येतं. ती तारीख मी भावजींना सांगते. त्यांना त्या आठवड्यात फवारायचंच असेल तर ते आदल्या रात्री फोन करतात. मग त्या दिवसाचा पाला आम्ही पहाटेच, फवारणीआधी कापून आणतो आणि ओल्या कापडाखाली ठेवतो. एका दिवसापेक्षा जास्त काळ पाला टिकत नाही, सुकलेला पाला अळी खात नाही. दोन बॅचच्या मध्ये आम्ही बाग छाटतो, ते दिवस त्यांना पूर्ण मोकळे. बांधाकडच्या तुतीच्या ओळी आता आम्ही खायला घालतच नाही, छाटून टाकतो. शेळ्यांनाही देत नाही. बांधावर शेवरी आणि हत्तीगवत दाट लावलंय, ते वाऱ्याला थोडं अडवतं. आणि शंका आली की त्या बाजूचा पाला आधी मूठभर अळ्यांना वेगळ्या ट्रेमध्ये घालून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो. मात्र कोष न करू देणारं औषध या परीक्षेत सापडत नाही, कारण अळी एका दिवसात मरतच नाही. म्हणून फोनच महत्त्वाचा. कोणतं औषध मारणार ते नावही फोनवर सांगायला हवं.

हे दोन घरांत जमलं कारण भाऊबंद आहेत. पूर्ण गावात जमवायचं तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तुतीवाल्यांच्या बॅचच्या तारखा लिहाव्यात, हे मी ग्रामसभेत मांडलं आहे. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी बाटली देताना फक्त विचारावं, शेजारी तुती आहे का? असेल तर दुसरं औषध सुचवता येतं का ते बघावं. आणि आपल्या कृषी पानाला माझी विनंती की कापूस, सोयाबीन, तूर यांचा सल्ला छापताना "जवळ तुतीची बाग असल्यास मालकाला आधी कळवावे" ही ओळ मधमाशीच्या ओळीखाली टाकावी. ती ओळ छापायला जागा फार लागणार नाही.

शेवटी एक. असे विषय निघाले की शहरातले काही वाचक लिहितात, रेशीमवाले तरी कुठे अळ्यांवर दया करतात, शेवटी मारतातच. मी ते नाकारत नाही. कोष गरम हवेत सुकवतात, आतला कोषस्थ जीव मरतो. तो बाहेर आला तर कोष फोडून येतो, आणि हजार-बाराशे मीटरचा सलग धागा तुटतो, मग तो उकलून काढता येत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी रेशीम नेसू नये, माझी तक्रार नाही. पण आमच्या शेडामागच्या खड्ड्यात जे पुरलं त्यातून ना धागा निघाला, ना पैठणीला एक तार गेली, ना भावजींच्या कापसावरची एक माशी त्यामुळे जास्त मेली.

माझं नाव कृपया छापू नये. भावजी आपलाच पेपर घेतात, आणि वाचून झाला की तो आमच्याकडे पाठवतात.

आपली,
एक रेशीम उत्पादक
ता. गेवराई, जि. बीड